तीनशे पंच्याऐंशीवं पान

आमच्या वाचन मंडळाने त्या पुस्तकावर सहा महिने चर्चा केली आणि आमच्यापैकी एकानेही ते पूर्ण वाचलेलं नाही. हे मी इथे कबूल करते, कारण मंडळाच्या अहवालात तसं लिहिलेलं नाही. अहवालात 'सामूहिक वाचन पूर्ण' असं आहे. मी पंचवीस वर्षं एका लॅबमध्ये रक्त तपासते. नमुना अर्धाच आला तर मी 'तपासणी पूर्ण' लिहीत नाही, पेशंटला परत बोलावते. पण मंडळात माझं ऐकतंय कोण.

पुस्तक म्हणजे एका पुढाऱ्याचं आत्मचरित्र. नाव घेत नाही. आमच्या भागात त्यांना साहेब म्हणतात. अर्धे लोक प्रेमाने म्हणतात, अर्धे दातओठ खाऊन. नऊशे साठ पानं. बाजारात आलं आणि बोंबाबोंब झाली. कुणाच्या खुर्चीबद्दल, कुणाच्या वडिलांबद्दल काहीबाही लिहिलं होतं, टीव्हीवर आठवडाभर तेच दळण. मग प्रकाशकाने दुकानांतून प्रती परत मागवल्या आणि पुढे सुधारित आवृत्ती काढली, बरीच पानं गाळून. लोकांच्या फोनवर फिरली ती फक्त भांडणाची पानं. पहिल्या आवृत्तीची एक अखंड प्रत आमच्याकडे होती, कारण सरांनी ती पहिल्याच दिवशी आणून ठेवली होती.

सर म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त झाले तरी घंटा अजून त्यांच्याच हातात आहे असं वागतात. आम्ही एकूण पाच जण. सर, मी, विठ्ठलवाडी डेपोतून निवृत्त झालेले कंडक्टरकाका, बदलापूरहून येणाऱ्या बँकेतल्या मॅडम आणि उल्हासनगर कॅम्प एकमधले सिंधी शेठ, ज्यांचं वह्या-रजिस्टरं बांधायचं दुकान आहे. शेठ मराठी हळू वाचतात, पण आमच्यात सगळ्यात मन लावून वाचणारे तेच. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी अंबरनाथला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात बैठक असते. तिथे पाण्याच्या टाकीच्या किल्ल्या, गणपतीच्या मंडपाचे पडदे आणि आम्ही, असे सगळे एकत्र असतो.

एक पुस्तक आणि पाच माणसं, कसं वाचायचं? एकेकाने दोन महिने ठेवलं तर वर्ष जाईल, असं सर म्हणाले. शेठ म्हणाले, "उसमें क्या है सर, पाच भाग करतो. मशीनवर कापतो, पुठ्ठा लावून देतो. सब एकसाथ पढो." सरांना हे इतकं पटलं की त्यांनी त्याला लगेच 'सामूहिक वाचन' असं नाव दिलं. मी म्हटलं, पुस्तक कापायचं? सर म्हणाले, ज्ञान कापलं जात नाही.

शेठनी पुस्तक कापलं ते प्रकरणं बघून नाही, जाडी बघून. पाचही भाग सारख्या जाडीचे, निळा पुठ्ठा, पाठीला काळं कापड, बघायला सुरेख. त्यामुळे प्रत्येकाचा भाग अर्ध्या वाक्यात सुरू व्हायचा आणि अर्ध्या वाक्यात संपायचा. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. चिठ्ठ्या टाकून भाग वाटले. पहिला कंडक्टरकाकांना, दुसरा शेठना, तिसरा सरांना, चौथा मॅडमना आणि शेवटचा मला. दर महिन्याला एकाने आपल्या भागाचा सारांश तोंडी सांगायचा. सगळे सारांश झाले की भाग अदलाबदल करायचे. ती अदलाबदल आजतागायत झालेली नाही.

आता गंमत बघा. पहिल्या भागात साहेब म्हणजे अनवाणी शाळेत जाणारं पोर, आजारी आईचे पाय चेपणारं. ते वाचून कंडक्टरकाका विरघळले. डोळे पुसत म्हणाले, "असा माणूस कुणाचं वाईट करूच शकत नाही." चौथ्या भागात साहेबांनी तिसऱ्यांदा पक्ष बदलला होता आणि जुन्या मित्राला तोंडघशी पाडलं होतं. मॅडम म्हणायच्या, "काका, हा माणूस एक नंबरचा फ्रॉड आहे, माझ्याकडे प्रूफ आहे." काका म्हणायचे, तुम्ही त्यांचं बालपण वाचलेलं नाही. मॅडम म्हणायच्या, तुम्ही त्यांचं म्हातारपण वाचलेलं नाही. मी म्हणायची, मग भाग बदलून घ्या ना, इतकं सोपं आहे. तर दोघं आपापला भाग छातीशी धरून बसायचे. मला वाटायचं, उठावं आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत.

पण मी चिडत होते ते या वादामुळे नाही. मला त्या पुस्तकातलं एकच पान हवं होतं.

माझे वडील फिटर होते, मोरिवलीच्या शेजारच्या एका कारखान्यात. आमचं घर मोरिवलीतलंच. शेत होतं तिथे कारखाने आले आणि शेत गेलेल्यांपैकी काहींना कामावर घेतलं, त्यात बाबा. मी नऊ-दहा वर्षांची असताना तिथे मोठा संप झाला. साहेब तेव्हा साहेब नव्हते, स्कूटरवरून गेटवर येणारे तरुण कामगार पुढारी होते. बोलायला लागले की बायका हातातलं काम टाकून ऐकायच्या. संप पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत चालला, आणि मग एक दिवस मिटला. कामगारांच्या वतीने पाच जणांनी मालकाच्या कागदावर सही केली होती. मागितलेलं काहीच मिळालं नव्हतं. त्या पाचांत बाबा होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी गेटवर भाषण केलं की या पाच जणांनी मला न विचारता तुमचा घात केला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दाराशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या सापडल्या. पुरुषाच्या दारात बांगड्या ठेवणं म्हणजे काय, हे मला त्या वयातही कळत होतं. आईने पुडकं उघडलं, एक बांगडी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, "काच चांगली आहे." आणि सगळ्या हातात भरल्या. नळावर गेली, तर बायकांनी हंडे बाजूला ओढून घेतले. वर्षभरात आम्ही मोरिवलीतलं घर सोडून विठ्ठलवाडीला चाळीत राहायला गेलो.

बाबा याबद्दल एकच वाक्य बोलायचे, तेही मी खोदून विचारलं तर. "सही त्यानंच करायला सांगितली." बस. माझ्या आतेभावाच्या लग्नात कुणीतरी टोमणा मारला तेव्हाही तेवढंच, आणि पानावरून उठले. आता बाबा ऐंशीचे आहेत, आई गेल्यापासून माझ्याकडे असतात. काचबिंदूने डोळे जवळजवळ गेले आहेत. साहेबांनी सगळं खरंखरं लिहिलंय असं त्यांनी टीव्हीवर ऐकलं आणि मला हाक मारून म्हणाले, "त्यात संप असंल. काय लिवलंय बघ जरा."

माझ्याकडे शेवटचा भाग आला होता. त्यात परदेश दौरे, सत्कार, फोटो, आणि अगदी शेवटी सूची. मी भाग हातात पडताच रिक्षात बसल्या बसल्या सूची उघडली. मोरिवलीचा संप, समेट : ३८५. नऊशे साठ पानांत एक पान.

मी त्याच संध्याकाळी सरांना फोन केला, कारण ते पान तिसऱ्या भागात असणार होतं. सर म्हणाले, "आपण क्रमाने जाऊ या. मध्येच उडी मारून वाचणं हा संस्कार नव्हे." मी म्हटलं, सर, माझे वडील त्या संपात होते, मला फक्त एक पान वाचून दाखवा. म्हणाले, "मग तर तुम्ही अधिक तटस्थ राहायला हवं. शिवाय मी टिपणं काढतोय, भाग मोकळा नाही." मी फोन ठेवला आणि कणकेवर राग काढला. तिसऱ्या महिन्यापर्यंत थांबावं लागणार होतं. ऐंशी वर्षांच्या माणसाच्या बाबतीत तीन महिने म्हणजे काय, हे सरांना कोण सांगणार? अंबरनाथच्या वाचनालयात सुधारित आवृत्ती होती, ती मी जाऊन पाहिली. त्यात संपाचं नावच नव्हतं.

दर बैठकीहून मी घरी आले की बाबा दारातच विचारायचे, "संप आला का गं?"

पहिल्या महिन्यात नाही म्हटलं. दुसऱ्या महिन्यात शेठनी संप सुरू केला. तळहातावर बोट फिरवत, अडखळत पण फार चांगलं सांगितलं त्यांनी. गेटवरचे लोक, स्कूटर, भाषणं. शेवटी म्हणाले, "तो अब लोग गेटपर बैठे हैं, हालत खराब आहे, आणि साहेब सोचतात की आता काय करायचं. इधर माझा भाग खतम. आगे का सरांकडे." मी घरी येऊन बाबांना सांगितलं, सुरू झालाय. ते खुर्चीत सरळ होऊन बसले आणि मला सगळं दोनदा सांगायला लावलं.

तिसऱ्या महिन्यात सरांनी चष्मा पुसला, घसा खाकरला आणि सुरुवात केली. "माझा भाग साहेब विधानसभेत पोचतात तिथून सुरू होतो."

मी म्हटलं, आणि संप?

"संप शेठच्या भागात झाला."

"शेठच्या भागात सुरू झाला. मिटला कुठे?"

सर म्हणाले, "मिटला असेल. नाहीतर ते विधानसभेत कसे गेले असते?"

मी हात पुढे करून पानाचा आकडा विचारला. सरांचा भाग ३८६पासून होता. शेठनी पिशवीतून आपला भाग काढला. तो ३८४ला संपत होता. आमच्या मंडळापुरता तो संप कधी मिटलाच नव्हता, आणि चार शिकलेल्या माणसांना महिनाभरात ते लक्षातही आलं नव्हतं. मॅडमना लगेच वास आला, की पान छापखान्यातच दाबलं असणार. कंडक्टरकाका म्हणाले, साहेब लपवाछपवी करणार नाहीत, पान शेठच्या मशीनमध्ये गेलं असेल. शेठ दुखावले. सर म्हणाले, एका पानाने आशयाला बाधा येत नाही, आपण पुढे जाऊ. मी सरांच्या हातातून त्यांचा भाग ओढून घेतला. हो, ओढून घेतला. त्यांचा एक चिठोरा फाटला, त्याची माफी मी अजून मागितलेली नाही.

पुठ्ठा उघडला तर आतल्या बाजूला, जिथे कोरा कागद असतो, तिथे छापील पान चिकटवलेलं होतं. ३८६. सरांनी तिथूनच वाचायला घेतलं होतं, पुठ्ठ्यावर छापलेलं पान कसं, हा प्रश्न न पडता. मी कोपऱ्याला नख लावलं. म्हणजे ३८५ त्याच्याच पाठीला होतं, पुठ्ठ्याकडे तोंड करून, खळीत बसलेलं. शेठनी बघितलं आणि कपाळावर हात मारला. प्रत्येक भागाला ते आधी कोरा कागद लावतात आणि तो पुठ्ठ्याला चिकटवतात. त्या दिवशी सर दुकानात उभं राहून सामूहिक वाचनाचं महत्त्व सांगत होते, शेठ आदराने मान हलवत होते, आणि तिसऱ्या भागाचा कोरा कागद राहून गेला.

"कल दुकान पे ये बेटा," ते म्हणाले. "गव्हाची खळ आहे, पाण्याने सुटते. डिंक असता तर गेलं होतं."

दुसऱ्या दिवशी लॅबमधून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून मी कॅम्प एकला गेले. शेठनी गिऱ्हाईकांना नंतर यायला सांगितलं. ओलं फडकं पुठ्ठ्यावर ठेवून ते दहा दहा मिनिटं थांबायचे, मग स्टीलची पट्टी आत सरकवून नखभर कागद सोडवायचे. तासाभराने पान सुटलं. डावीकडची काही अक्षरं पुठ्ठ्यालाच राहिली होती, पण वाचता येत होतं. त्यांनी ते दोन्ही हातांवर घेऊन माझ्यासमोर धरलं आणि स्वतः तोंड फिरवून रस्त्याकडे बघत उभे राहिले.

अकरा ओळी होत्या. साहेबांनी लिहिलं होतं की संप गळ्याशी आला होता, आणि त्यांना त्यातून स्वच्छ बाहेर पडायचं होतं. म्हणून त्यांनी पाच कामगारांना बोलावून सही करायला सांगितली, मी तुमच्या मागे आहे असं म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी गर्दीच्या बाजूने उभे राहिले. राजकारणातला आपला पहिला डाव म्हणून त्यांनी हे सांगितलं होतं, खुशीत. पाचही भोळी माणसं होती, त्यांना दोनदा सांगावं लागलं नाही, असंही होतं. पुढच्या ओळीत लगेच निवडणुकीचं तिकीट.

बाबा खरे होते. आधी मला तेवढंच दिसलं आणि मी शेठच्या दुकानात रजिस्टरांच्या गठ्ठ्यावर बसून रडले. मग तो 'भोळी' शब्द दिसला आणि असा संताप आला की रडणं थांबलं. आमचं घर गेलं, आईने नळावर तसले दिवस काढले, आणि या माणसाला ते सांगताना हसू येत होतं. रिक्षात मी ठरवत होते, तो शब्द गाळून वाचावा का. बाबांना कुठे दिसतंय. पण मी आजवर एकाही रिपोर्टात आकडा बदललेला नाही, आणि बापाच्या रिपोर्टात बदलायचा?

बाबा दारात नव्हते, पलंगावर बसले होते. मी म्हटलं, संप आला. आणि अकराच्या अकरा ओळी वाचल्या.

"परत वाच," ते म्हणाले. मी परत वाचल्या.

"भोळी म्हणाला?"

"हो."

ते थोडा वेळ गुडघ्यांवर हात चोळत बसले. मग म्हणाले, "भोळे न्हवतो आमी. आमाला ठावं होतं."

मला कळेना. मी विचारलं, काय ठाऊक होतं?

"तो उलटनार, हे. त्याच्या घरनं निघालो ते कंपनीमागच्या ओढ्यापाशी बसलो पाची जनं. आमच्यातला थोरला म्हनला, उद्या हा आपल्याला ओळख दाखवनार न्हाई. सगळ्यांनाच दिसत होतं ते. पन लोकांच्या घरात चुली पेटत न्हवत्या. पोरं शाळेतनं काढली होती. संप मोडायला पायजे होता आनि जो मोडंल त्याला शिव्या. मग ठरवलं, पाच जनांनी शिव्या खायच्या, बाकीचे कामावर जातील. सकाळी सही केली."

"आणि हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगून काय, उपकार केले म्हनायचं? तुझ्या आयला ठावं होतं. उगाच भरल्या व्हय तिनं बांगड्या?"

मी पलंगाच्या कडेवर बसले. चाळीस वर्षं मी या माणसाला एकच प्रश्न विचारत आले होते, साहेबांनी सही करायला सांगितली की नाही. त्यांनी त्याचं उत्तर दरवेळी दिलं होतं. तुम्ही का केलीत, असं मी एकदाही विचारलं नव्हतं. तीन महिने मी सरांवर, मॅडमवर, कंडक्टरकाकांवर आतल्या आत जळत होते, की सगळे एकेक तुकडा धरून बसलेत. माझा तुकडा तर सगळ्यात लहान निघाला.

"मग संप आला का, संप आला का, म्हणून मला का पळवत होतात?" मी जवळजवळ ओरडलेच.

बाबा म्हणाले, "मला बघायचं होतं, त्याला कधी कळलं का ते." मग आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "न्हाई कळलं."

पुढच्या महिन्याच्या बैठकीत मी मंडळात आधी ते पान वाचलं. मॅडम म्हणाल्या, बघा, मी सांगत होते. कंडक्टरकाका मान खाली घालून बसले. मग मी बाबांनी सांगितलेलं सांगितलं, ओढा, पाच जण, शिव्या, बांगड्या. शेठ रुमालाने डोळे पुसत होते. सर वहीत लिहून घेत होते. लिहिता लिहिता थांबले, वर पाहिलं आणि म्हणाले, "हे कुठल्या पानावर आहे?"

मी म्हटलं, सर, हे छापलेलं नाही. हे माझ्या वडिलांनी सांगितलं.

"मग सारांशात घेता येणार नाही," ते म्हणाले आणि दोन ओळींवर काट मारली.

मी उठले आणि चहाचे कप गोळा करायला लागले. काहीतरी फोडावंसं वाटत होतं, पण कप सोसायटीचे होते. नळाशी कंडक्टरकाका माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्या हातातला कप घेतला, विसळला, पालथा घातला. पहिला भाग त्यांच्या काखेत होता, चार महिन्यांत त्याच्या पुठ्ठ्याचा कोपरा मऊ पडला होता.

"ताई," ते खाली बघत म्हणाले, "तुमच्या वडिलांना भेटायला आलो तर चालेल का?"

"या," मी म्हटलं. "पण पुस्तक आणू नका."